आखूडकेशी, बहुगुणी

(कमरेवरची वेणी उतरवू पाहणाऱ्या नवशिक्या भगिनींसाठी मार्गदर्शिका)

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. आखूड केसांना काम कमी असतं, असं तुम्हाला ज्या मैत्रिणीनं सांगितलं तिचे स्वतःचे केस लांब आहेत. आखूड केसवाली हे सांगायला सापडत नाही. ती बहुधा खुर्चीत मान खाली घालून बसलेली असते आणि तिच्या मानेवरून मशीन फिरत असतं. हिशेब सरळ आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेवरच्या वेणीत हा सव्वा सेंटिमीटर कुठे गेला ते तुमच्या आईलाही कळत नाही. कानावर कापलेल्या केसांत तोच सव्वा सेंटिमीटर कानावर येऊन बसतो आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार उघडून म्हणतात, "कापायला झालेत हं!" लांब केस ही मुदत ठेव आहे, आखूड केस हा हप्ता. दर चार ते सहा आठवड्यांनी तो भरायचा, आणि चुकला तर साऱ्या सोसायटीला दिसतो.

हे वाचूनही निश्चय कायम असेल तर पुढे चला. पुरुषांनी ही मार्गदर्शिका वाचू नये. त्यांना आखूड केस जन्मतःच जमतात असा समाजाचा समज आहे आणि तो मोडण्यात आपला काही फायदा नाही.

पूर्वतयारी

फोनमध्ये फोटो शोधायला बसाल तेव्हा एक हात मोकळा ठेवा. फोटो आवडला की त्या हाताने नटीचा चेहरा झाका. झाकल्यावरही केस आवडले तर तुम्हाला केस आवडले. नाहीतर तुम्हाला नटी आवडली आहे, आणि त्यावर कुठलीही कात्री चालत नाही.

सिनेमावर विसंबू नका. १९५३च्या 'रोमन हॉलिडे'त ऑड्री हेपबर्नची राजकन्या रोममधल्या एका न्हाव्याकडे शिरते आणि थोड्याच वेळात लांब केस त्याच्या जमिनीवर सोडून आखूड केसांनी बाहेर पडते. पुढे ती नदीत उडी मारते, भिजते, थंडीनं कुडकुडते, तरी डोकं सुरेखच. त्या डोक्यामागे पगारी माणसं होती. तुम्ही मुठेत उडी मारू नका.

आपल्याकडे १९६०च्या 'लव्ह इन सिमला'नंतर 'साधना कट' घरोघरी पोचला. साधनाचं कपाळ रुंद म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हेपबर्नच्याच धर्तीवर तिच्या पुढच्या बटा कापून घेतल्या, अशी त्याची प्रसिद्ध कथा आहे. नवशिक्यांनी यातली मेख ओळखावी. कापले ते पुढचे केस. मागचा अंबाडा जागच्या जागी राहिला. धाडस आणि माघार एकाच डोक्यावर. ज्यांचं मन अजून डळमळतं आहे त्यांनी खुशाल इथेच थांबावं. फक्त त्या बटा न्हाणीघरातल्या आरशासमोर स्वतः कापू नयेत. 'आपला हात जगन्नाथ' ही म्हण पंगतीत वाढून घेण्यापुरती ठीक. केस ओला असताना ताणला जातो. ओल्या बटा भुवईच्या रेषेत कापल्या की वाळल्यावर त्या वर चढतात, मग दुसरी बाजू सारखी करायची, मग पुन्हा पहिली. हा उद्योग कपाळ संपेपर्यंत चालतो.

यानंतरची तयारी महत्त्वाची, आणि ती कोणीच करत नाही: भोवरा शोधा. पाठीमागे एक आरसा धरा, समोर दुसरा, आणि केस डोक्यावर नेमके कुठे गरकन फिरतात ते पाहा. बहुतेकांचा भोवरा टाळूच्या मागे असतो, काहींचा कपाळाच्या कडेला, आणि काही अभागिनींचा थेट मानेवर. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. आत्याकडे दुर्लक्ष करा, भोवऱ्याकडे करू नका. लांब केस स्वतःच्या वजनानं भोवऱ्याला दाबून ठेवतात, म्हणून इतकी वर्षं तुमची आणि त्याची गाठ पडली नाही. वजन उतरलं की तो उभा राहतो, आणि कितीही पाणी लावा, पाच मिनिटांनी पुन्हा उभा. उपाय एकच. कापणाऱ्याला आधी सांगायचं, की तिथे बोटभर जास्त ठेवा.

मुहूर्त

सोमवारी पुण्यातली बहुतेक सलूनं बंद. मंगळवारी आई नको म्हणते. गुरुवारी सासूबाई, शुक्रवारी लक्ष्मीचा वार म्हणून पुन्हा सासूबाई. शनिवारी दोघी एकमतानं. अमावास्येला तर शेजारच्या काकूही मतदान करतात. श्रावणात घरातले पुरुषच दाढी वाढवून बसलेले असतात, त्यामुळे तुम्ही कात्रीचं नाव काढलंत तर धर्मसंकट उभं राहतं. हे सगळं वजा जाता बुधवार आणि रविवार उरतात. बुधवारी ऑफिसात मीटिंग असते. रविवारी सगळ्या शहराचा हाच हिशेब झालेला असतो, म्हणून सलूनच्या बाकड्यावर अकरा वाजता जागा नसते. सकाळी शटर अर्धं वर जाताना पोचा.

कुठे?

पार्लर की सलून, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. पार्लरमधली ताई प्रेमळ असते आणि तोच तिचा दोष आहे. ती विचारते, "नक्की ना?" मग केसांतून हात फिरवत म्हणते, "किती छान वाढलेत!" मग शेजारच्या खुर्चीतल्या, चेहऱ्याला पॅक लावलेल्या अनोळखी बाईचं मत घेते. शेवटी कापते ते खांद्यापर्यंत, आणि वर सांगते, "आवडलं तर पुढच्या वेळी अजून कमी करू." तुम्ही आखूड केस मागायला गेला होतात, साखरपुडा करून परत आलात.

न्हावी काही विचारत नाही. मानेभोवती कापड घट्ट बांधलं की त्याच्या लेखी चर्चा संपली. आखूड केस हा त्याचा रोजचा धंदा आहे. कानामागची गोलाई, मानेवरची कड, कंगव्यावर कात्री धरून खालून वर चढत जाणं, हे तो सकाळपासून रात्रीपर्यंत करतो. खरी कला तिथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पैसेही कमी लागतात. एकाच गल्लीत, तेवढ्याच केसांना, तशाच कात्रीनं कापायला बाईच्या डोक्याला दुप्पट-तिप्पट दर का लागतो, याचं उत्तर मला अजून कोणत्याही दरपत्रकात सापडलेलं नाही. अडचण एवढीच की सगळीच सलूनं बायकांना खुर्ची देत नाहीत. जिथे देतात तिथेही पहिल्या दिवशी बाकड्यावरचे चार पुरुष एकदम वर्तमानपत्र उघडतात.

न्हाव्याशी बोलायचं तर आकड्यांत बोलायला शिका. मशीनला लावायच्या कंगव्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस उरणार, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे सुमारे १० आणि चार म्हणजे १३. नवशिक्यांना वाटतं, मोठा नंबर म्हणजे जास्त कापणार. म्हणून त्या घाबरून म्हणतात, "दादा, एकच नंबर मारा, जास्त नको." दादा मारतात. त्यानंतरचे दोन महिने ओढणी डोक्यावरून घ्यायची सवय लागते. 'झिरो' हा शब्द तर दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कशाच्याही संदर्भात उच्चारू नका, बँकेतल्या शिलकीच्या संदर्भातसुद्धा.

वेणी कापण्याआधी वर आणि खाली रबरबँड लावून ती एकसंध कापून घ्या. कर्करुग्णांच्या टोपांसाठी केस स्वीकारणाऱ्या संस्था अशीच बांधलेली वेणी मागतात. खाली विखुरलेल्या केसांचा मात्र कुणाला उपयोग नाही. पूर्वी दारावर गुंतवळ घेऊन बदल्यात फुगे किंवा बारकी भांडी देणाऱ्या बाया यायच्या. त्या तुमच्या इमारतीच्या वॉचमनने केव्हाच थांबवल्या आहेत.

घरी आल्यावर

दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू नका. चपला काढा, पाणी प्या. मग प्रश्न येतील. प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं पाठ करून ठेवलेली बरी.

"तिरुपतीला जाऊन आलीस का?" याला गमतीनेही हो म्हणू नका. लोक प्रसादाचा लाडू मागतात.

"उवा झाल्या होत्या?" इथे स्पष्ट नकार द्या. थोडाही विलंब झाला तर विचारणारी व्यक्ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकते.

"टायफॉइड झाला होता का गं?" हा प्रश्न जुन्या माणसांचा, आणि त्यात तथ्य आहे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, म्हणून तेव्हा घरातले ते कापूनच टाकत. तब्येत बरी आहे एवढं सांगा आणि त्यांच्या १९६८च्या टायफॉइडची हकीकत ऐकून घ्या. त्याला अर्धा तास लागतो.

"नवरा काही बोलला नाही?" खरं उत्तर द्या: त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आणखी एक प्रश्न असतो, तो कोणी विचारत नाही. घरातली फार म्हातारी बाई असेल तर ती आधी तुमच्या डोक्याकडे बघते, मग गळ्याकडे, आणि गप्प बसते. तिच्या आजीच्या पिढीत बाईचे केस एकाच कारणाने जात, आणि ते तिला विचारून जात नसत. हरिभाऊ आपट्यांची यमू ज्यांनी शाळेत किंवा नंतर वाचली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मुंबईत १८९० साली गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला: विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर त्यांनीच तो खाली ठेवला, आणि केशवपन हा शास्त्रार्थाचा विषय आहे असं मानून वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या शहाण्या मंडळींना एका धंद्याने उत्तर दिलं. सलूनच्या भिंतीवर याचा फोटो कुठे दिसत नाही. तिथे क्रिकेटपटू असतात आणि दक्षिणेतले नट असतात. माझ्या मते आपण होऊन केस कापणारी प्रत्येक मराठी बाई त्या न्हाव्यांचं थोडं देणं लागते. निदान खुर्चीतून उठताना सुटे पैसे परत मागू नयेत.

त्या म्हाताऱ्या बाईला काही समजावत बसू नका. जवळ बसा. तिला डोक्यावरून हात फिरवून बघायचा असेल तर बघू द्या. बहुतेक वेळा ती एवढंच म्हणते, "उन्हाळ्यात बरं."

रोजची निगा

शाम्पू. इतकी वर्षं ओंजळीत घेत होतात तेवढा आता घेतलात तर फेस पाय धुवून मोरीबाहेर जाईल. एक पुडी दोन आंघोळींना पुरते. पुडीचं तोंड दुमडून कोनाड्यात उभी ठेवा; ती आडवी होणारच.

धुवायचे मात्र जास्त वेळा. हे ऐकून आई हादरते, पण कारण साधं आहे. टाळूतून तेल सारखं झिरपत असतं. कमरेपर्यंतच्या केसाच्या टोकाला ते पोचतच नाही, म्हणून टोकं कोरडी. तीन इंचांच्या केसाला ते मुळापासून शेंड्यापर्यंत एका दिवसात पुरतं आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही न चोपडताच चोपडलेल्या दिसता. म्हणून रविवारच्या तेलाची वाटी आता कपाटात ठेवा. चार थेंब, बोटांच्या टोकांवर, फक्त टाळूला, आणि तासाभरात धुवून टाका. आईसमोर हे करू नका. चार थेंब हा आईच्या शब्दकोशात तेल लावण्याचा प्रकार नसून तेल सांडण्याचा आहे.

पुसायला टर्किश टॉवेल नको. जुना पंचा घ्या, घासू नका, दाबा.

आता विज्ञान, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचा आकार टिकवणारे काही बंध पाण्याने सुटतात. केस वाळताना ते बंध पुन्हा जुळतात, आणि त्या क्षणी केस ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतात. ड्रायर आणि इस्त्री याच तत्त्वावर चालतात. पण हे तत्त्व ड्रायरपुरतं थांबत नाही, उशीलाही लागू पडतं. रात्री डोकं धुवून ओल्या केसांनी झोपलात तर उशीने रात्रभर तुमची केशरचना केलेली असते, आणि ती डाव्या बाजूला सपाट व उजव्या बाजूला भिंतीला काटकोनात असते. त्यावर कंगवा चालवू नका. कंगव्याला बंधांशी काही देणंघेणं नाही. कपड्यांच्या इस्त्रीसाठी ठेवलेली पाण्याची फवारणीची बाटली घ्या, केस मुळाशी ओले करा आणि पुन्हा वाळवा. ओलं न करता मारलेला प्रत्येक हात वाया जातो.

पावसाळ्यात हेच तत्त्व उलटतं. जुलैत दादरला किंवा रत्नागिरीला हवेतच इतकं पाणी असतं की सकाळी मेहनतीने बसवलेला आकार स्टेशनपर्यंत टिकत नाही. सरळ केस डोक्याला चिकटतात, कुरळे चारही बाजूंना पसरतात. यावर उपाय नाही. आरसा टाळावा.

हेल्मेट हा पुणेकर नवशिक्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. एकेकाळी शहराला हेल्मेट नको होतं त्याची बरीच कारणं सांगितली गेली. माझ्या मते त्यात हे सांगायचं राहून गेलं. वेणी हेल्मेटच्या बाहेर सुखरूप लोंबते, आखूड केस आतल्या आत इस्त्री होऊन निघतात. आत पातळ सुती रुमाल बांधा, केस पूर्ण वाळल्याखेरीज हेल्मेट चढवू नका, आणि ऑफिसात पोचल्यावर डोकं खाली वाकवून दोन्ही हातांनी मुळापासून केस उलटे फिरवा. हे पार्किंगमध्ये करा. लिफ्टमध्ये केलंत तर तुम्हाला चक्कर आली असं लोकांना वाटतं.

वॅक्स हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्या, अगदी विरेपर्यंत तळव्यांवर चोळा, आणि आधी डोक्याच्या मागच्या भागाला लावा. नवशिक्या हमखास कपाळापासून सुरुवात करतात, सगळं वॅक्स तिथेच संपतं, आणि समोरून आठवडाभर न न्हायल्यासारखं व मागून नुकतंच उठल्यासारखं डोकं घेऊन त्या मीटिंगला जातात.

पण वॅक्सवर फार भिस्त ठेवू नका. १९६०च्या दशकात लंडनच्या विडाल ससूनने दर आठवड्याला रोलर लावून केस 'सेट' करून घेण्याची पद्धत मोडीत काढली. त्याचं म्हणणं असं, की कापच असा हवा की धुवून झटकल्यावर केस आपापल्या जागी पडावेत. म्हणून कापाची परीक्षा पार्लरच्या आरशात घेऊ नका; तिथे ड्रायर आहे, वरून पिवळा दिवा आहे आणि ताई "मस्त!" म्हणते आहे. परीक्षा घरच्या दुसऱ्या आंघोळीनंतर. तेव्हा केस पडले नाहीत तर दोष तुमच्या हातांचा नाही, कात्रीचा आहे.

लग्नसराई

नऊवारी नेसून आखूड केसांनी मांडवात उभं राहता येतं. नथ आणि कोल्हापुरी साज असला की उलट मान उठून दिसते. पण मावशांचं एक मंडळ हे मानत नाही. त्यांच्या पिशवीत आकडे, जाळी आणि कुणा चुलत आजेसासूच्या काळापासून आलेलं गंगावन असतं. गंगावन लावायला मूळचे केस निदान बोटांत धरता येतील एवढे लागतात. तेवढे नसतील तर मावशी आकड्यांची संख्या वाढवतात. असा लावलेला खोपा अक्षतांपर्यंत टिकतो, पंगतीत कलतो आणि वरातीत पडतो. त्यापेक्षा गजऱ्याचा एक पदर कानामागे दोन पिनांनी अडकवा. गोव्याकडचं लग्न असेल तर अबोलीचा वळेसर घ्या. तो हलका असतो आणि आखूड केसांना ओढत नाही. एखादं सोनचाफ्याचं फूल तर पिनेशिवायही राहतं, फक्त जोरात हसायचं नाही.

परत वाढवायचे झाल्यास

वाढवू नका.

वाढवायचेच असतील तर गणित मांडून घ्या. कानापासून खांद्यापर्यंत यायला वर्ष सहज जातं, आणि त्यातले चौथ्या ते आठव्या महिन्याचे केस ना बांधता येतात, ना मोकळे सोडता येतात. या काळात टिकटिक पिना डझनाने आणा आणि त्या घरात कुठे जातात याचा शोध घेऊ नका. मागचे केस पुढच्यांपेक्षा आधी लांब दिसायला लागतात, म्हणून वाढवत असतानाही मानेवरचे कापून घ्यायला जावं लागतं. न्हावी तुम्हाला ओळखतो. तो विचारत नाही. कापड बांधतो आणि सगळेच कापतो. बहुतेक जणींचा केस वाढवण्याचा निर्णय असा चार महिन्यांत मिटतो.

राहता राहिला शेवटचा प्रसंग. कधीतरी लिफ्टमध्ये कमरेपर्यंत वेणी असलेली एक बाई तुमच्याकडे चार मजले चोरून बघेल आणि पाचव्यावर विचारेल, "कुठे कापलेत हो?" तिला सगळं सांगा. दुकान सांगा, न्हाव्याचं नाव सांगा, भोवऱ्याचं सांगा, तीन नंबर आणि चार नंबरमधला फरक सांगा. दुकान कधी उघडतं असं तिनं विचारलं तर म्हणा, बुधवारी गर्दी नसते.